बदललेला पत्ता सगळीकडे का पोहोचत नाही?

मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून गेलेली एखादी व्यक्ती काही महिन्यांनी तिथेच पुन्हा रुजू होते. तिला पूर्वीचाच मेल पत्ता मिळतो. ग्राहकांचे मेल येऊ लागतात, बँकेचे येतात, घरच्यांनी जीमेलवरून पाठवलेलेही येतात. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने पाठवलेला मेल मात्र ‘असा प्राप्तकर्ता सापडला नाही’ असा शेरा घेऊन परत जातो. सर्व्हर चालू आहे, नेटवर्क चालू आहे, पत्त्यातले अक्षर न् अक्षर बरोबर आहे. ॲडमिन स्वतः मेल पाठवून बघतो, तर तो लगेच पोहोचतो.

अशा तक्रारींचे आणखी काही प्रकार प्रत्येक मोठ्या कार्यालयात ऐकू येतात. लग्नानंतर बदललेले आडनाव पुण्याच्या कार्यालयात दिसते आणि नागपूरच्या शाखेत दिसत नाही. वर्षापूर्वी निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचे नाव पत्त्यांच्या यादीत अचानक पुन्हा उगवते. ग्रुपमध्ये सकाळी घातलेला माणूस दुपारी त्यातून गायब झालेला असतो. या सगळ्यांत मेल वाहून नेणारी यंत्रणा बहुधा ठणठणीत असते. कोण कुठे आहे हे सांगणारी यादी, म्हणजे डिरेक्टरी, कुठेतरी जुनी राहिलेली असते. ‘कुठेतरी’ हा त्यातला अवघड भाग, कारण मोठ्या जाळ्यात या यादीच्या शेकडो प्रती असतात आणि प्रत्येक प्रत आपापल्या वेळापत्रकाने ताजी होते.

यादी वेगळी, टपाल वेगळे

मेल सर्व्हर दोन कामे करतो. मेल पुढे नेणे हे एक; दिलेले नाव कोणत्या मेलबॉक्सचे आहे आणि तो मेलबॉक्स कोणत्या यंत्रावर आहे हे शोधणे हे दुसरे. दुसऱ्या कामासाठी डिरेक्टरी लागते. अशा याद्यांसाठी ‘एक्स ५००’ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये आले. ते अवजड होते. म्हणून मिशिगन विद्यापीठात त्याची हलकी आवृत्ती तयार झाली आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीच आजची ‘एलडॅप’. डिरेक्टरीला प्रश्न विचारण्याची ही सर्वमान्य भाषा आहे.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरची ४.० ही आवृत्ती १९९६ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या पोटातच स्वतःची डिरेक्टरी होती. २००० साली विंडोजबरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि एक्स्चेंज २००० ने आपली यादी सोडून तिचाच आधार घेतला. तेव्हापासून कंपनीची लॉगिनची यादी आणि मेलची यादी एकच झाली. याचा फायदा मोठा होता, पण एक गैरसोयही आली. मेल सांभाळणारी माणसे एका विभागात आणि डिरेक्टरी सांभाळणारी दुसऱ्या विभागात बसू लागली. बिघाड दोघांच्या मधल्या जागेत झाला की दोन्ही विभागांच्या पडद्यांवर सगळे हिरवे दिसते आणि तक्रार इकडून तिकडे फिरत राहते. पुढचे विवेचन एक्स्चेंज आणि ॲक्टिव्ह डिरेक्टरी याच जोडीच्या आधारे केले आहे, कारण मोठ्या कार्यालयांत तीच सर्वाधिक आढळते.

नोंदवहीचा अनुक्रमांक

ॲक्टिव्ह डिरेक्टरीची प्रत ज्या यंत्रावर असते त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मोठ्या बँकेत किंवा सरकारी खात्यात असे शेकडो कंट्रोलर असू शकतात. त्यांत मुख्य प्रत आणि दुय्यम प्रत असा भेद जवळजवळ नसतो. बदल कोणत्याही कंट्रोलरवर करता येतो आणि तो इतरांकडे पोहोचवला जातो. या पोहोचवण्याला रेप्लिकेशन म्हणतात.

ही देवघेव समजायला सरकारी कचेरीतली आवक-जावक नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येक कंट्रोलरकडे अशी एक वही असते. आपल्या प्रतीत कोणताही बदल झाला की तो त्या बदलाला पुढचा अनुक्रमांक देतो. हा क्रमांक त्या वहीपुरताच असतो. एका कंट्रोलरचा ४,८१२ आणि दुसऱ्याचा ४,८१२ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. शेजारचा कंट्रोलर बदल मागायला येतो तेव्हा अख्खी वही मागत नाही. ‘तुमच्या वहीतल्या ४,८१२ पर्यंतच्या नोंदी मी उतरवून घेतल्या आहेत, त्यापुढच्या द्या’ एवढेच तो सांगतो. सोबत तो आणखी एक तक्ता देतो: कोणत्या कंट्रोलरवर मुळात झालेले बदल कोणत्या क्रमांकापर्यंत आपल्याला, कोणाच्याही मार्फत का होईना, मिळाले आहेत. त्यामुळे तिसऱ्याकडून आधीच मिळालेली नोंद पुन्हा पाठवावी लागत नाही.

या पद्धतीत घड्याळाला जवळजवळ स्थान नाही. कोणता बदल पाठवायचा हे अनुक्रमांकावरून ठरते. दोन ठिकाणी एकाच व्यक्तीचा एकच तपशील बदलला गेला, तर आधी त्या तपशिलाचा आवृत्ती क्रमांक पाहिला जातो. ज्याचा क्रमांक मोठा, तो बदल टिकतो. क्रमांक सारखे असतील तर बदलाची वेळ पाहतात, आणि वेळही सारखी निघाली तरच कंट्रोलरच्या ओळखक्रमांकावरून निकाल लागतो. ही तुलना तपशिलागणिक होते. त्यामुळे एकाने फोन नंबर बदलला आणि दुसऱ्याने हुद्दा, तर दोन्ही बदल टिकतात.

नाव मात्र याला अपवाद ठरते. दोन ॲडमिननी दोन कंट्रोलरवर, एकाच विभागात, एकाच नावाची नोंद उघडली तर दोन्ही राहतात, पण हरलेल्या नोंदीच्या नावाला ‘सीएनएफ’ ही अक्षरे आणि एक लांबलचक ओळखक्रमांक चिकटतो. पत्त्यांच्या यादीत अशी विचित्र जुळी नावे दिसली की कारण बहुधा हेच असते.

उशीर आणि बिघाड

तपासाला हात घालण्यापूर्वी एक हिशोब करावा: बदल पोहोचायला किती वेळ लागणे रीतसर आहे? हा हिशोब न केल्यामुळे कित्येक निरोगी सर्व्हर विनाकारण रीस्टार्ट होतात.

एकाच ठिकाणच्या, म्हणजे वेगवान जोडणी असलेल्या, कंट्रोलरना ॲक्टिव्ह डिरेक्टरी एक ‘साइट’ मानते. विंडोज सर्व्हर २००३ पासून साइटच्या आत बदल झाला की १५ सेकंदांनी पहिल्या साथीदाराला आणि मग ३-३ सेकंदांच्या अंतराने इतरांना वर्दी जाते. साइटमधली साखळी तीन टप्प्यांपेक्षा लांब होणार नाही अशी रचना आपोआप केली जाते, म्हणून मिनिटभरात सगळे एकमताचे होतात. दोन साइटांमध्ये मात्र सहसा वर्दी नसते, वेळापत्रक असते. ठरवून बदलले नाही तर ते १८० मिनिटांचे असते आणि फार तर १५ मिनिटांपर्यंत खाली आणता येते. एका शाखेतला बदल मुख्यालयामार्फत दुसऱ्या शाखेत जायचा असेल, तर १८० आणि १८० मिळून सहा तास हा नियमाने मान्य असलेला उशीर झाला.

त्यावर आउटलुकचा उशीर चढतो. आउटलुक साधारणपणे पत्त्यांची यादी सर्व्हरला दर वेळी विचारत नाही. तो ‘ऑफलाइन ॲड्रेस बुक’ ही तयार फाइल उतरवून घेतो. एक्स्चेंज २००७ आणि २०१० मध्ये ही फाइल दिवसातून एकदा, पहाटे पाचला, तयार होई. आउटलुक ती चोवीस तासांतून एकदा आणतो. फाइल तयार झाल्यावर पाचच मिनिटांनी केलेला बदल उद्याच्या फाइलमध्ये जाणार आणि तो माणसाच्या पडद्यावर परवा दिसणार.

> चौकट : एका बदलाचा नेहमीचा प्रवास
>
> एकाच साइटमधले कंट्रोलर : सुमारे एक मिनिट
>
> एका साइटवरून दुसऱ्या साइटवर : १५ ते १८० मिनिटे, दर टप्प्याला
>
> ऑफलाइन ॲड्रेस बुकची नवी फाइल : जुन्या आवृत्त्यांत २४ तासांनी, नव्यांत ८ तासांनी
>
> आउटलुकने ती उतरवणे : २४ तासांतून एकदा
>
> कार्यालयातून क्लाउडमधल्या डिरेक्टरीत : दर ३० मिनिटांनी
>
> जुन्या आवृत्तीत, दोन शाखांमध्ये, सगळे सुरळीत असताना कमाल उशीर : ६ + २४ + २४ = ५४ तास

चोपन्न तास! आडनाव सोमवारी सकाळी बदलले आणि बुधवारी सकाळी दिसले नाही, तरी यंत्रणेत कुठलाही बिघाड नसू शकतो. अशा वेळी दुरुस्ती नको, वेळापत्रक बदलायला हवे.

बदल कुठे अडला?

हिशोबापेक्षा जास्त वेळ गेला असेल तर ‘कोणता सर्व्हर बिघडला’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणत्या प्रतीत बदल आहे आणि कोणत्यात नाही’ हे विचारावे. विंडोजबरोबर येणारी ‘रेपॲडमिन’ ही आज्ञा याच कामाची आहे. तिचा एक पर्याय एखाद्या व्यक्तीच्या नोंदीची जन्मपत्रिका दाखवतो: प्रत्येक तपशील किती वेळा बदलला, शेवटचा बदल कोणत्या कंट्रोलरवर झाला, केव्हा झाला आणि कोणत्या अनुक्रमांकाने. ही पत्रिका दोन कंट्रोलरवर काढून शेजारी शेजारी ठेवली की बदल आला आहे की नाही हे वादाशिवाय कळते. कधी कधी असेही दिसते की बदल नीट पोहोचला होता आणि नंतर दुसऱ्याच कोणत्यातरी सॉफ्टवेअरने, बहुधा मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीने, जुने मूल्य पुन्हा लिहून ठेवले. अशा वेळी रेप्लिकेशनचा तपास करण्यात दिवस घालवणे व्यर्थ.

शेकडो कंट्रोलर असतील तर एकेकाकडे जाणे शक्य नसते. रेपॲडमिन सगळ्यांचा अहवाल एकाच तक्त्यात काढून देते. तो एक्सेलमध्ये उघडून ‘शेवटचे यशस्वी रेप्लिकेशन’ या रकान्यानुसार लावला की सर्वांत मागे पडलेली यंत्रे वर येतात. मग चुकांचे क्रमांक पाहावेत. येथे एक चकवा आहे. १२५६ हा क्रमांक तक्त्यात भरपूर दिसतो, पण तो स्वतंत्र आजार नाही. त्या साथीदाराशी आधीचा प्रयत्न फसला म्हणून पुढचे भाग वगळले, एवढेच तो सांगतो. तो बाजूला सारून त्याच साथीदाराच्या नावापुढचा दुसरा क्रमांक शोधावा.

८५२४ असेल तर नाव शोधण्यात, म्हणजे डीएनएसमध्ये, अडचण आहे. प्रत्येक कंट्रोलर आपल्या ओळखक्रमांकाची एक नोंद डीएनएसमध्ये करून ठेवतो आणि साथीदार त्याला त्याच नोंदीवरून शोधतात. यंत्राचे नेहमीचे नाव ‘पिंग’ला उत्तर देत असले तरी ही नोंद हरवलेली किंवा जुनी असू शकते. पिंग चालतो म्हणून डीएनएस ठीक, हा निष्कर्ष म्हणूनच घातक.

१७२२ म्हणजे समोरच्या यंत्राशी दूरस्थ संवाद जुळला नाही. हा संवाद १३५ क्रमांकाच्या पोर्टवर सुरू होतो आणि मग ४९१५२ ते ६५५३५ मधल्या कुठल्याही पोर्टवर सरकतो. विंडोज सर्व्हर २००८ च्या आधी हा पट्टा वेगळा होता. फायरवॉलवर फक्त १३५ आणि एलडॅपचा ३८९ उघडून ठेवला की सुरुवात होते, पुढे काही होत नाही. नवीन फायरवॉल बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या तक्रारींमागे हे कारण हमखास असते.

८४५३ आणि ५ हे परवानगी नाकारल्याचे क्रमांक. त्यांतल्या ५ या क्रमांकामागे पुष्कळदा घड्याळ असते. कंट्रोलर एकमेकांची ओळख कर्बेरॉस पद्धतीने पटवतात आणि तिथे दोन घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. अनुक्रमांकांना घड्याळाची गरज नाही हे खरे, पण दार उघडणाऱ्याला आहे. आभासी यंत्रे आपली वेळ यजमान यंत्राकडून घेत असतील आणि यजमानाचे घड्याळच चुकीचे असेल, तर एका झटक्यात अनेक कंट्रोलर जाळ्याबाहेर फेकले जातात.

पुसलेली नावे परत येतात तेव्हा

निवृत्त अधिकाऱ्याचे नाव पुन्हा का उगवते हे समजायला वहीकडे परत जावे लागते. एखादी नोंद पुसायची तर ती फाडून टाकून चालत नाही. फाडली तर इतरांना ती पुसल्याचे कळणार कसे? म्हणून नावावर आडवी रेघ मारली जाते आणि ‘रेघ मारली’ हाच एक बदल म्हणून सगळ्यांकडे जातो. रेघ मारलेल्या या नोंदीला टूम्बस्टोन म्हणतात. ठरावीक मुदतीनंतर प्रत्येक जण ती आपल्या वहीतून कायमची काढून टाकतो. ही मुदत सुरुवातीच्या आवृत्त्यांत ६० दिवसांची होती. विंडोज सर्व्हर २००३ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून नव्याने उभारलेल्या जाळ्यांत ती १८० दिवसांची झाली.

आता समजा, दूरच्या शाखेतला एक कंट्रोलर सात महिने बंद पडून होता. त्या काळात नाव पुसले गेले, रेघ मारली गेली, मुदत संपून रेघही काढली गेली. मग तो कंट्रोलर चालू झाला. त्याच्या वहीत नाव जिवंत आहे आणि ते पुसल्याचे सांगणारे कोणीच उरलेले नाही. अशा नोंदीला ‘लिंगरिंग ऑब्जेक्ट’, म्हणजे रेंगाळलेली नोंद, म्हणतात. अनेक डोमेनच्या जाळ्यात ती ‘ग्लोबल कॅटलॉग’ या सर्वसमावेशक यादीत जाऊन बसते. तिथे ती केवळ वाचण्यापुरती असते, त्यामुळे ॲडमिनला ती नेहमीच्या साधनांनी पुसताही येत नाही. एक्स्चेंज आपली विचारपूस ग्लोबल कॅटलॉगकडेच करतो. परिणामी नवा मेलबॉक्स उघडताना ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ असे उत्तर येते, आणि शोधायला गेले तर तो वापरणारा सापडत नाही. एका डोमेनमधून दुसऱ्यात हलवलेल्या कर्मचाऱ्याच्या दोन नोंदी राहिल्या तर दोघींचा पत्ता एकच, आणि मेल कोणालाच जात नाही.

‘स्ट्रिक्ट’ पद्धत चालू असलेला कंट्रोलर अशी नोंद स्वीकारायला नकार देतो आणि १९८८ क्रमांकाची घटना इव्हेंट लॉगमध्ये लिहून त्या साथीदाराकडून बदल घेणे थांबवतो. मुदतीपेक्षा जास्त काळ गैरहजर राहिलेल्या कंट्रोलरसाठी २०४२ क्रमांकाची घटना आणि ८६१४ हा त्रुटी क्रमांक येतो. हे थांबणे म्हणजे संरक्षण आहे. ते बंद करून ‘एकदाचे चालू करा’ म्हणणारा घाईचा सल्ला जुना कचरा सगळ्या जाळ्यात पसरवतो. योग्य क्रम असा: रेपॲडमिनने आधी फक्त यादी काढून पाहायची, मग त्याच आज्ञेने रेंगाळलेल्या नोंदी काढायच्या, आणि त्यानंतरच देवघेव सुरू करायची. पुष्कळदा याहून सोपा मार्ग म्हणजे तो जुना कंट्रोलर रीतसर मोडून नव्याने उभारणे.

याहून कपटी बिघाड कंट्रोलरचा जुना स्नॅपशॉट परत लावल्याने होतो. वही ५,००० पर्यंत भरली होती आणि कोणीतरी ४,००० वर काढलेली तिची छायाप्रत जागेवर आणून ठेवली. आता नव्या नोंदींना ४,००१ पासून क्रमांक मिळतील. साथीदार मात्र म्हणतील, ‘५,००० पर्यंतचे आमच्याकडे आहे’, आणि मधल्या हजार नव्या नोंदी कधीच मागणार नाहीत. कुठेही चूक दिसत नाही, अहवाल स्वच्छ असतो, फक्त त्या कंट्रोलरवर तयार झालेले मेलबॉक्स इतरांना दिसत नाहीत. ही स्थिती ओळखता आली तर विंडोज २०९५ क्रमांकाची घटना लिहून त्या कंट्रोलरची देवघेव बंद करते. विंडोज सर्व्हर २०१२ पासून आभासी यंत्राला स्नॅपशॉट परत लावल्याची खूण मिळते आणि कंट्रोलर नवी वही सुरू केल्यासारखी आपली ओळख बदलतो. त्यासाठी खालच्या आभासीकरण प्रणालीनेही ती खूण द्यायला हवी.

आकारामुळे होणारी अडचण

आतापर्यंतचे बिघाड दहा सर्व्हरच्या जाळ्यातही होतात. काही बिघाड मात्र निव्वळ आकारातून जन्मतात.

कोणी कोणाकडून बदल घ्यायचे याचा नकाशा एक अंतर्गत कार्यक्रम दर पंधरा मिनिटांनी तपासतो आणि गरज पडल्यास नव्याने आखतो. विंडोज २००० मध्ये त्याची गणना साइटांच्या संख्येच्या वर्गाने वाढत असे. मायक्रोसॉफ्टने तेव्हा एक साधे सूत्र दिले होते: डोमेनच्या संख्येत एक मिळवून तिला साइटांच्या संख्येच्या वर्गाने गुणावे, आणि गुणाकार एक लाखाच्या आत ठेवावा. एकच डोमेन असेल तर साइटांची मर्यादा सुमारे २२३ येते. शेकडो शाखांची बँक ही मर्यादा सहज ओलांडणार. मग नकाशा पुरा होण्याआधीच पुढच्या गणनेची वेळ येई, प्रोसेसर सतत गुंतलेला राही आणि काही शाखांना नकाशात जागाच मिळत नसे. अशा ठिकाणी हा कार्यक्रम बंद करून जोडण्या हाताने आखल्या जात. २००३ च्या आवृत्तीत गणनेची पद्धत सुधारली आणि अडचण ओसरली. पण हाताने आखलेल्या जोडण्या अनेक जाळ्यांत तशाच राहिल्या. ज्या मुख्यालयातल्या यंत्राकडे त्या बोट दाखवतात ते काढून टाकले की त्यावर अवलंबून असलेल्या शाखा निमूटपणे जुन्या होत जातात.

दुसरी अडचण ग्रुपची. २००० च्या आवृत्तीत ग्रुपच्या सदस्यांची यादी हा एकच तपशील मानला जाई. एक सदस्य वाढवला तरी सगळी यादी पुन्हा पाठवली जाई, आणि म्हणून एका ग्रुपमध्ये ५,००० पेक्षा जास्त सदस्य ठेवू नयेत असा सल्ला होता. त्याहून वाईट म्हणजे दोन ॲडमिननी दोन ठिकाणी एकाच ग्रुपमध्ये वेगवेगळी माणसे घातली तर एकाची यादी दुसरीवर चढे आणि पहिल्याचा माणूस गायब होई. २००३ पासून प्रत्येक सदस्यत्व स्वतंत्रपणे पाठवता येते. मात्र त्यासाठी संपूर्ण जाळ्याची कार्यपातळी वाढवावी लागते, आणि पातळी वाढवण्याआधी घातलेली सदस्यत्वे, पुन्हा काढून घातली नाहीत तोवर, जुन्याच पद्धतीने वागतात.

तिसरी अडचण एक्स्चेंजच्या इतिहासातली आहे. एक्स्चेंज २००० आणि २००३ मध्ये नव्या व्यक्तीला मेल पत्ता देणे आणि तिला यादीत घालणे हे काम ‘रेसिपियंट अपडेट सर्व्हिस’ नावाची पार्श्वभूमीवरची सेवा करी. ती एका ठरलेल्या कंट्रोलरची वही वाचत पुढे जाई. तो कंट्रोलर काढून टाकला आणि सेवेला दुसरा नेमून दिला नाही, की नवी खाती तयार होत पण त्यांना पत्ताच मिळत नसे. प्रत्येक डोमेनसाठी वेगळी सेवा लागे, आणि लाखो नोंदींच्या डोमेनमध्ये कोणी ‘सगळे पुन्हा तपासा’ हे बटण दाबले की काम तासन् तास चाले. तेवढ्या वेळात आलेली नवी माणसे रांगेत मागे. एक्स्चेंज २००७ मध्ये ही सेवा काढून टाकली गेली आणि पत्ता नोंद तयार होतानाच दिला जाऊ लागला. तो निर्णय उशिराच झाला म्हणायचा.

शेवटच्या प्रती: सर्व्हर आणि आउटलुक

सगळे कंट्रोलर एकमताचे आहेत आणि तरी तक्रार उरली, तर दोन जागा पाहायच्या राहतात.

एक्स्चेंज सर्व्हर सहसा आपल्याच साइटमधल्या कंट्रोलरना विचारतो आणि कोणाला विचारायचे याची यादी वेळोवेळी बनवतो. ही यादी २०८० क्रमांकाच्या घटनेत वाचायला मिळते. त्यात प्रत्येक कंट्रोलरच्या नावापुढे तो पोहोचण्याजोगा आहे का, ग्लोबल कॅटलॉग आहे का, एक्स्चेंजला आवश्यक त्या परवानग्या त्याच्यावर आहेत का, हे लिहिलेले असते. मेल विभाग आणि डिरेक्टरी विभाग यांनी एकत्र बसून वाचावा असा कागद कोणता, तर हा.

आउटलुकची तपासणी सोपी आहे. तीच व्यक्ती ब्राउझरमधल्या आउटलुकमध्ये शोधावी. ब्राउझर थेट सर्व्हरला विचारतो. तिथे नाव दिसते आणि संगणकातल्या आउटलुकमध्ये दिसत नाही, तर दोष ऑफलाइन ॲड्रेस बुकचा. ‘ॲड्रेस बुक डाउनलोड करा’ हा पर्याय दाबण्याआधी सर्व्हरवरची फाइल कधीची आहे ते पाहावे, नाहीतर जुनीच फाइल पुन्हा उतरते. फाइल रोज तयार होत असूनही एखादेच नाव गळत असेल, तर त्या नोंदीत मेल पत्ता सदोष असतो किंवा तिला यादीतून लपवण्याची खूण असते. मोठ्या जाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. आउटलुक एरवी फक्त फरकाच्या छोट्या फाइली आणतो, पण त्या मिळून पूर्ण फाइलच्या निम्म्याहून मोठ्या झाल्या की पूर्ण फाइल मागतो. सगळ्या कर्मचाऱ्यांचा विभाग किंवा फोन क्रमांक एका रात्रीत बदलला की दुसऱ्या दिवशी सकाळी हजारो संगणक एकदम पूर्ण फाइल ओढू लागतात आणि शाखांच्या बारीक जोडण्या तुंबतात.

पुन्हा रुजू झालेल्या व्यक्तीचे कोडे मात्र ॲड्रेस बुकपलीकडचे आहे. कार्यालयाच्या आत एक्स्चेंज माणसाला मेल पत्त्याने ओळखत नाही. तो एक्स्चेंज ५.५ च्या काळापासून चालत आलेल्या, एक्स ५०० धर्तीच्या लांब अंतर्गत नावाने ओळखतो. जुना मेलबॉक्स पुसून नवा उघडला की हे अंतर्गत नाव बदलते, वरचा पत्ता तोच राहिला तरी. शेजारच्या सहकाऱ्याचे आउटलुक पहिली दोन अक्षरे टाइप करताच जुनी आठवण पुढे करते, आणि त्या आठवणीत जुने अंतर्गत नाव असते. बाहेरच्यांना अंतर्गत नाव माहीतच नसल्याने त्यांचे मेल पोहोचतात. ॲडमिनने पूर्वी कधी त्या व्यक्तीला मेल पाठवलेला नसतो, म्हणून त्याचाही पोहोचतो. परत आलेल्या मेलमधल्या लांब पत्त्याच्या सुरुवातीला ‘आयएमसीईएईएक्स’ ही अक्षरे असतात; ती दिसली की निदान झाले. प्रत्येकाला जुनी सूचना पुसायला सांगत बसण्यापेक्षा ते जुने अंतर्गत नाव नव्या मेलबॉक्सला एक्स ५०० प्रकारचा जादा पत्ता म्हणून जोडावे. तक्रार सगळ्यांसाठी एकदम मिटते.

क्लाउडची वाढीव प्रत

बऱ्याच संस्थांचे मेलबॉक्स आता मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये आहेत आणि मूळ डिरेक्टरी अजून कार्यालयात आहे. दोन्हींमध्ये दर तीस मिनिटांनी एकवाक्यता घडवणारा एक सर्व्हर बसवलेला असतो. बदल कार्यालयातच करायचा असतो. क्लाउडमध्ये जाऊन आडनाव बदलायला गेले तर परवानगी मिळत नाही. या टप्प्यावर सर्वाधिक आढळणारा अडथळा म्हणजे एकच पत्ता दोन नोंदींवर असणे. कार्यालयातली डिरेक्टरी हे चालवून घेते, क्लाउड घेत नाही. तो दुसऱ्या नोंदीचा पत्ता बाजूला काढून ठेवतो आणि अहवालात लिहितो. तो अहवाल कोणी वाचतो का, हा वेगळा प्रश्न.

मोठ्या जाळ्यांना येथे दोन आकडे लक्षात ठेवावे लागतात. या सर्व्हरबरोबर मिळणारा मोफत डेटाबेस १० जीबीपर्यंतच वाढतो आणि सुमारे एक लाख नोंदींना पुरतो. त्यापुढे पूर्ण क्षमतेचा एसक्यूएल सर्व्हर लागतो. आधी व्यवस्थित चाललेली देवघेव एखाद्या संस्थेच्या विलीनीकरणानंतर बंद पडली तर हे आधी पाहावे. दुसरा आकडा ५०० चा. एका फेरीत त्याहून जास्त नोंदी पुसल्या जाणार असतील तर त्या पुसण्याची निर्यात रोखून धरली जाते, कारण चुकीचा विभाग देवघेवीतून वगळला गेल्यास हजारो मेलबॉक्स एका फटक्यात नाहीसे होऊ शकतात. खरोखरच मोठी वजावट करायची असेल तर पुसल्या जाणाऱ्या नोंदींची यादी तपासून ही मर्यादा तेवढ्या फेरीपुरती उठवावी आणि फेरी पुरी झाल्यावर पुन्हा लावावी.